दुधातला लिस्टेरिया कसा ओळखतात?

दूध नासले की घरात सर्वांत आधी नाकाला कळते. नाकाने शंका घेतली की आपण ते तापवून पाहतो, फाटले तर टाकून देतो. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे सरकत असताना, ही परीक्षा जवळजवळ रोजचीच. शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही विचारले, "दूध चांगले आहे हे कशावरून ठरवता?" बहुतेकांचे उत्तर वास आणि चव हेच होते. एका बाईंनी पुढे सांगितले, "आणि फ्रीजमध्ये ठेवले की काळजी नाही."

या दोन्ही कसोट्यांना हुलकावणी देणारा एक जीवाणू आहे. तो दूध नासवत नाही, वास बदलत नाही आणि फ्रीजमध्येही वाढतो. त्याचे नाव लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस. दूध नासवणारे जीवाणू आणि माणसाला आजारी पाडणारे जीवाणू हे बहुधा वेगवेगळे असतात, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे सांगितलेली नसते. नाक पहिल्यांना ओळखते. दुसऱ्यांना ओळखायला प्रयोगशाळा लागते.

१९२६ साली केंब्रिज येथे मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना प्रयोगशाळेतील आजारी सशांमध्ये हा जीवाणू सापडला. सशांच्या रक्तात मोनोसाइट या पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या, त्यावरून जातीचे नाव पडले. लिस्टेरिया हे नाव शस्त्रक्रियेत निर्जंतुकीकरण आणणाऱ्या जोसेफ लिस्टर यांच्या स्मरणार्थ. मेंढपाळांना मात्र या आजाराची वेगळीच ओळख आहे. जीवाणू मेंदूत शिरला की मेंढी एकाच बाजूला मान वळवून गोल गोल फिरत राहते. नीट न मुरलेला, पुरेसा आंबट न झालेला मुरघास हे त्याचे आवडते ठिकाण.

माणसात निरोगी प्रौढाला याचा फारसा त्रास होत नाही. त्रास होतो तो गर्भवतींना, नवजात बालकांना, वृद्धांना आणि ज्यांची प्रतिकारशक्ती खालावली आहे अशांना. गर्भवतीला स्वतःला थोडा ताप, अंगदुखी एवढेच जाणवते. पण जीवाणू वारेतून बाळापर्यंत पोचतो, आणि गर्भपात होतो, किंवा मूल मृत जन्मते, किंवा जन्मानंतर मेंदूज्वराने आजारी पडते. जीवाणू रक्तात किंवा मेंदूत पोचल्यावर उपचार करूनही शंभरातील वीस ते तीस रुग्ण दगावतात. आणखी अडचण अशी की, दूषित अन्न खाल्ल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत कधी कधी सत्तर दिवस जातात. दोन महिन्यांपूर्वी काय खाल्ले होते, हे कोणाला आठवणार?

आजार अन्नातून येतो हे पक्के ठरायला १९८१ साल उजाडावे लागले. कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात ४१ जण आजारी पडले, त्यांत बहुसंख्य गर्भवती आणि नवजात. कारण निघाले कोबीची कोशिंबीर. कोबी पिकवणाऱ्या शेतकऱ्याकडे मेंढ्या होत्या, त्यांतल्या दोन लिस्टेरियाने मेल्या होत्या, आणि त्यांचे न कुजवलेले खत शेताला घातले होते. काढलेला कोबी हिवाळाभर थंड गोदामात राहिला. गोदामाने कोबी टिकवला, आणि लिस्टेरियालाही वाढायला सवड दिली.

गंमत अशी की, या थंडी-प्रेमाचा उपयोग शास्त्रज्ञ आधीपासून करत होते. १९४८ साली ग्रे यांच्या लक्षात आले की, आजारी जनावराच्या मेंदूचा तुकडा द्रवात घालून शीतपेटीत कित्येक आठवडे ठेवला तर इतर जीवाणू मागे पडतात आणि लिस्टेरिया हळूहळू पुढे येतो. पद्धत चतुर खरी, पण उत्तर हाती येईपर्यंत रुग्णाचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असे.

आता नागपूरकडे येऊ. सेमिनरी हिल्सवरचे नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासूनचे. २००० साली नागपुरात महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर ते त्याचा भाग झाले. येथील देवानंद कलोरे, नितीन कुरकुरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, लिस्टेरियाचे जाणकार सुखदेव बारबुद्धे यांच्या साथीने, मध्य भारतातील गाई-म्हशींच्या कच्च्या दुधाची मोठी पाहणी केली. २००८ साली ती प्रसिद्ध झाली. एकूण २०६० नमुन्यांपैकी १३९ मध्ये लिस्टेरिया कुळातले जीवाणू मिळाले, आणि १०५ मध्ये, म्हणजे शंभरात सुमारे पाच नमुन्यांत, लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस होता.

हा आकडा ऐकून रतीब बंद करायची गरज नाही. ७२ अंश सेल्सिअसला पंधरा सेकंद तापवले तरी लिस्टेरिया मरतो. आपल्याकडे दूध उकळण्याची जी रीत आहे, तिने न जाणो किती घरे वाचवली असतील. मग तपासणीचा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. एक म्हणजे, सगळेच दूध उकळून पोटात जात नाही. धार काढताना तिथल्या तिथे पिणारे आहेत, कच्च्या दुधाची भांडी धुतलेल्या हातांनी पनीर कापणारे आहेत, उकळलेले दूध पुन्हा त्याच न घासलेल्या किटलीत ओतणारे आहेत. दुसरे म्हणजे, दुधात लिस्टेरिया आहे याचा अर्थ गोठ्यात, शेणात, चाऱ्यात किंवा सडाला झालेल्या कासदाहात तो आहे. ती गाय गाभडू शकते, आणि तिची सेवा करणारी गर्भवती बाई तर त्याच गोठ्यात वावरते. यात गवळ्याला दोष देण्यासारखे काही नाही. त्याचेही नाक आपल्यासारखेच.

जीवाणू ओळखण्याची जुनी रीत म्हणजे तो वाढवून पाहणे. २५ मिलिलिटर दूध एका विशिष्ट पोषक द्रवात घालतात. त्यात अशी प्रतिजैविके असतात की इतर जीवाणू दबावेत आणि लिस्टेरिया वाढावा. मग ते दुसऱ्या द्रवात, मग पेट्रीबशीतल्या अगरवर. वसाहती दिसल्या की त्यांतली एकेक उचलून तिची परीक्षा: कोणती शर्करा आंबवते, सूक्ष्मदर्शकाखाली कशी लोळण घेते, रक्त मिसळलेल्या अगरवर तांबड्या पेशी फोडते का. सगळे सुरळीत चालले तरी आठवडा जातो.

आणि आठवड्याच्या अखेरीस उत्तर स्वच्छ मिळेल याची खात्री नाही, कारण लिस्टेरियाचे भाऊबंद पुष्कळ आहेत. लिस्टेरिया इनोक्युआ नावाप्रमाणे निरुपद्रवी. त्याच गोठ्यात राहतो, त्याच द्रवात वाढतो, पण रक्तपेशी फोडत नाही. मग रक्तपेशी फोडणारा तो गुन्हेगार, असे म्हणावे का? तर लिस्टेरिया सीलिगेरी रक्तपेशी फोडतो, आणि माणसाला सहसा काही करत नाही. लिस्टेरिया इव्हानोवायही फोडतो, पण त्याचा रोख मेंढ्या-गुरांवर. चेहरेपट्टी पाहून भावंडांतला नेमका एक ओळखायचा, असे हे काम आहे. म्हणून चेहरा सोडून थेट जनुके पाहायची कल्पना पुढे आली.

लिस्टेरिया मोनोसायटोजेनिसच्या डीएनएमध्ये सुमारे २९ लाख अक्षरे आहेत. अक्षरे म्हणजे ए, टी, जी, सी ही चारच. २००१ साली हा सगळा मजकूर वाचला गेला, आणि त्याच शोधनिबंधात निरुपद्रवी इनोक्युआचाही. दोघांचा बराचसा मजकूर सारखाच आहे. फरक आहे तो काही ठिकाणी, आणि त्यांतला एक छोटा पट्टा आपल्या कामाचा आहे. या पट्ट्यात रोग घडवणारी जनुके ओळीने बसली आहेत, आणि इनोक्युआत हा पट्टाच नाही.

या जनुकांची कामे पाहण्यासारखी आहेत. आपल्या पेशीने जीवाणूला गिळले की तो एका पिशवीत बंद होतो. एचएलवाय-ए या जनुकापासून बनणारे प्रथिन त्या पिशवीला भोके पाडते. पीएलसी-ए चे विकर त्याला हातभार लावते. बाहेर पडल्यावर अ‍ॅक्ट-ए चे प्रथिन आपल्याच पेशीतील अ‍ॅक्टिनचे धागे जीवाणूच्या मागे रचत जाते. धूमकेतूला शेपूट असावे तसे हे धागे दिसतात, आणि त्यांच्या रेट्याने जीवाणू शेजारच्या पेशीत घुसतो. रक्तात न उतरताच एका पेशीतून दुसरीत! या सर्वांवर पीआरएफ-ए हे मुख्य बटण. थंड मातीत ते बंद असते. ३७ अंशांच्या उबेत, म्हणजे प्राण्याच्या शरीरात, चालू होते. पाचवे आयएपी; हे मात्र थोड्याफार फरकाने इतर लिस्टेरियांतही असते.

आता दुधातील लाखो जीवाणूंच्या डीएनएमधून हा चिमुकला पट्टा शोधायचा कसा? शोधायचा नाही, त्याच्याच इतक्या प्रती काढायच्या की बाकी सगळे नगण्य व्हावे. ही युक्ती कॅरी मलिस यांना १९८३ साली सुचली, आणि तिच्यासाठी त्यांना १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तिला पॉलिमरेज शृंखला अभिक्रिया, थोडक्यात पीसीआर म्हणतात. कोविडच्या साथीनंतर हे नाव घराघरांत पोचले आहे, पण आत काय घडते हे विचारले तर वर्गात शांतता पसरते, असा आमचा अनुभव आहे.

डीएनएचा दुपदरी गोफ ९५ अंशांच्या आसपास तापवला की उलगडून दोन सुटे पदर होतात. मग तापमान ५५ ते ६० अंशांवर आणतात. नळीत आधीच वीसेक अक्षरांचे दोन छोटे तुकडे, म्हणजे प्रायमर, टाकलेले असतात. ते आपल्या पट्ट्याच्या दोन टोकांशीच जुळतील असे बनवलेले असतात. वीस अक्षरे पुरतात का? चार अक्षरांतून वीस जागा भरण्याचे ४ चा २० वा घात, म्हणजे सुमारे १.१ लाख कोटी प्रकार आहेत. जीवाणूचा सगळा मजकूर २९ लाख अक्षरांचा. तेव्हा तीच वीस अक्षरे योगायोगाने दुसरीकडे सापडणे फार अवघड, आणि इथे तर दोन प्रायमर एकमेकांजवळ जुळावे लागतात. पुढे ७२ अंशांवर एक विकर प्रायमरपासून सुरुवात करून उरलेला पदर विणून काढते. एकाचे दोन झाले. पुन्हा ९५, पुन्हा ५५, पुन्हा ७२. दोनाचे चार. अशी तीस आवर्तने झाली की एकाचे १०७ कोटींच्या वर होतात, आणि वेळ लागतो दोन-तीन तास. बुद्धिबळाच्या पटावर गव्हाचे दाणे मागणाऱ्याची गोष्ट विद्यार्थ्यांना माहीत असते; ती इथे जरूर आठवून द्यावी.

एक अडचण होती. ९५ अंशांना बहुतेक विकरे निकामी होतात, त्यामुळे सुरुवातीला दर आवर्तनाला नवे विकर घालावे लागे. ती सोडवली एका उष्ण झऱ्याने. अमेरिकेतील यलोस्टोन येथे ७० अंशांवरच्या पाण्यात राहणारा थर्मस अ‍ॅक्वाटिकस हा जीवाणू टॉमस ब्रॉक यांनी १९६० च्या दशकात शोधला होता. तेव्हा त्याचा काही उपयोग होईल असे कोणालाच वाटले नव्हते. त्याचे विकर उकळत्यासारख्या तापमानातही टिकते. थंडी आवडणाऱ्या जीवाणूला पकडायला उष्णता आवडणारा जीवाणू कामाला आला म्हणायचा.

पाच जनुकांसाठी पाच वेगळ्या नळ्या घेण्याऐवजी पाचही प्रायमर-जोड्या एकाच नळीत टाकता येतात. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, म्हणजे नीरीत, २००१ च्या सुमारास पाण्यातील साल्मोनेला शोधण्यासाठी अशीच बहुजनुकी पीसीआर वापरली गेली. भारतातील लिस्टेरिया-अभ्यासक जे प्रायमर वापरत आले आहेत, त्यांपासून ठरावीक लांबीचे तुकडे मिळतात: पीएलसी-ए १४८४ अक्षरजोड्या, पीआरएफ-ए १०६०, अ‍ॅक्ट-ए ८३९, एचएलवाय-ए ४५६ आणि आयएपी १३१. जेलच्या चकतीत विजेच्या दाबाखाली हे तुकडे पळवले की लहान तुकडा लांब पळतो, मोठा मागे रेंगाळतो.

हे वर्गात कागदाने करून पाहता येते. १ सेंटिमीटर म्हणजे १०० अक्षरजोड्या धरून १४.८, १०.६, ८.४, ४.६ आणि १.३ सेंटिमीटरच्या पट्ट्या कापाव्यात. फळ्यावर चार रकाने आखून वरून खाली त्यांची जागा विद्यार्थ्यांना ठरवू द्यावी. मग असे निकाल मांडावेत. पहिल्या रकान्यात पाचही पट्ट्या. दुसऱ्यात फक्त १३१ ची. तिसऱ्यात काहीच नाही. चौथ्या नळीत दुधाऐवजी शुद्ध पाणी होते, आणि तिथे ४५६ ची पट्टी दिसते आहे. "आता कोणते दूध वाईट?" असे विचारावे. मुले पहिल्याकडे बोट दाखवतात. खरे उत्तर, या दिवसाचा एकही निकाल घेता येत नाही. पाण्यात लिस्टेरियाचे जनुक आले म्हणजे कुठेतरी हात, पिपेट किंवा हवेतून मिसळ झाली आहे. सगळे फेकून नव्याने सुरुवात. चौथा रकाना स्वच्छ असता तर पहिल्यात रोगकारक लिस्टेरिया आहे असे म्हणता आले असते. दुसऱ्यात रोग घडवणारा संच अपुरा आहे, जात ठरवायला आणखी कसोट्या लागतील. आणि तिसऱ्यात? लिस्टेरिया नाही, किंवा अभिक्रियाच झाली नाही. दुधातील कॅल्शियम आणि स्निग्धांश विकराच्या कामात अडथळा आणतात. म्हणून प्रत्येक नळीत ओळखीचा एक निरुपद्रवी तुकडाही मुद्दाम टाकतात. तो वाढला तरच "नाही" या उत्तराला किंमत.

झटपट तपासणीचा बोलबाला फार असतो, म्हणून तिचे दोन कच्चे दुवे सांगायला हवेत. पीसीआर डीएनए पाहते, जीव पाहत नाही. उकळून मेलेल्या लिस्टेरियाचा डीएनए दुधात राहतोच, आणि ते दूध सुरक्षित असूनही निकाल "आहे" असा येऊ शकतो. त्यावर एक तोड आहे. एक रंगद्रव्य असे आहे की ते फक्त मेलेल्या, आवरण फाटलेल्या पेशींत शिरते आणि प्रकाश पडताच डीएनएला घट्ट चिकटून त्याच्या प्रती होऊ देत नाही. दुसरा दुवा नमुन्याचा. हजार लिटरच्या टाकीतून २५ मिलिलिटर घेतले आणि त्यात जीवाणू आला नाही, तर टाकीत नाही असे होत नाही. म्हणून आजही बहुतेक प्रयोगशाळा आधी पोषक द्रवात दिवस-दोन दिवस वाढ करून मगच पीसीआर करतात. तेवढ्या वाढीने जिवंत जीवाणू मेलेल्यांवर संख्येने मात करतात, हा त्यातला आणखी फायदा. आठवड्याचे काम दोन-तीन दिवसांवर येते. दोन तासांवर नव्हे.

इथवर "आहे की नाही" एवढेच झाले. समजा एका गर्भवतीच्या रक्तात लिस्टेरिया मिळाला आणि तीन गोठ्यांच्या दुधातही मिळाला. चौघांत पाचही जनुके आहेत. मग तिचा जीवाणू कोणत्या गोठ्यातला? पीसीआर इथे गप्प बसते. गाव एकच असले तरी घरे वेगळी असतात, तसे जात एक असली तरी वाण वेगळे असतात. वाण ओळखायची पूर्वीची पद्धत म्हणजे डीएनए मोजक्या जागी कापून त्याचे मोठे तुकडे दिशा बदलणाऱ्या विद्युतप्रवाहात पळवणे. तुकड्यांची नक्षी बोटांच्या ठशासारखी जुळवता येते. १९९३ साली अमेरिकेत अर्धकच्च्या बर्गरमधून ई. कोलाय ओ१५७ ने सातशेवर लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. त्यानंतर १९९६ साली तिथल्या प्रयोगशाळांनी असे ठसे एकमेकांना पाठवण्यासाठी पल्सनेट हे जाळे उभे केले. आता ठशांची जागा जीवाणूचा संपूर्ण मजकूर वाचण्याने घेतली आहे.

त्याचे सामर्थ्य दिसले ते दक्षिण आफ्रिकेत. २०१७ च्या सुरुवातीपासून जुलै २०१८ पर्यंत तिथे लिस्टेरियाचे १०६० रुग्ण नोंदले गेले आणि २१६ जण मरण पावले. मृतांत नवजात बालके बरीच होती. रुग्णांकडून मिळालेल्या जीवाणूंचा मजकूर वाचला तेव्हा दहापैकी नऊ जणांत एकच वाण, एसटी-६, निघाला. म्हणजे देशभर विखुरलेल्या या रुग्णांना जोडणारे कुठलेतरी एकच अन्न. जानेवारी २०१८ मध्ये एका बालवाडीतील काही मुले पोटाच्या विकाराने आजारी पडली. त्यांनी खाल्लेल्या पोलनी या तयार मांसपदार्थाचा माग काढत तपास एका कारखान्यापर्यंत पोचला, आणि तिथे तोच वाण मिळाला. ४ मार्च २०१८ रोजी पदार्थ बाजारातून मागे घेण्याचा आदेश निघाला. त्यानंतर रुग्ण झपाट्याने कमी झाले. पोलनी खाल्ली का, हा प्रश्न आधीही विचारला जात होता. पण ती इतकी सर्रास खाल्ली जाते की उत्तरावरून काही ठरत नव्हते.

अशी तुलना करायची तर आधीचे वाण कुठेतरी जपून ठेवलेले हवेत. बारबुद्धे आणि सहकाऱ्यांनी जुने गोवे येथील भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संकुलात देशातील लिस्टेरियाचा असा संग्रह उभा केला. नागपुरात ११ डिसेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय एक-आरोग्य संस्थेची पायाभरणी झाली. माणूस, जनावर आणि परिसर यांचे आजार एकत्र अभ्यासावेत, हा तिचा हेतू. गर्भपात झालेल्या स्त्रीचा नमुना एका रुग्णालयात, गाभडलेल्या गाईचा पशुवैद्यकाकडे आणि दुधाचा अन्न-तपासणी प्रयोगशाळेत, असे तिघे तीन दारांमागे राहिले तर तिघांत एकच वाण असला तरी तो कोणालाच दिसणार नाही. आमच्या शिबिरातल्या त्या बाईंनी शेवटी विचारले, "मग फ्रीजमधल्या पनीरचे काय करू?" आम्ही म्हटले, चार दिवसांचे झाले असेल तर भाजीत घालून चांगली उकळी येऊ द्या.